धाव चढवलेला रेडिओ

आमच्या घरात रेडिओ आला तो भानुदासमामाच्या पिशवीतून, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मायने तो वितळवला. मामाचं अंबडला बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बहिणीवर त्याचा फार जीव. कुणीतरी मोडीत टाकलेल्या दोन रेडिओंमधून एक चालता रेडिओ जुळवून त्याने आणून दिला. लालभडक प्लास्टिकचा, वर धरायला कडी, पुढे दोन बटणं. मायला तो भाकऱ्या थापताना ऐकायचा असे, म्हणून तिने त्याची जागा चुलीवरच्या देवळीत केली. प्लास्टिकला चुलीची धग सोसत नाही हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. रेडिओ रोज थोडाथोडा मऊ होत गेला आणि एका सकाळी गालगुंड झालेल्या पोरासारखा एका बाजूने सुजून खाली आला. एक बटण तर आतच बुडालं. माय चुलीपुढे बसून आधी रडली, आणि मग तव्यावरची भाकरी करपल्याच्या वासाने भानावर येऊन हसत सुटली. "भावानं देल्लं आन् म्या भाजून खाल्लं," असं ती पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आम्ही कुंभार पिंपळगावचे सुतार. घरापुढे पत्र्याचं मोठं छप्पर होतं, त्यात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम चाले. बैलगाड्या, वखर, तिफणी, दारं, कधी एखाद्या लग्नाचा पलंग. पहाटे आम्ही पोरं उठायचो ती रंध्याच्या सर्रसर्र आवाजाने. बाभळीच्या ढलप्यांचा वास, करवतीचा भुसा, त्यात मायच्या येसराच्या आमटीचा वास मिसळलेला. या सगळ्यात बसून भाकरी खाल्ली की तिच्यावर थोडा भुसा पडायचाच, आणि आम्ही तो फुंकर मारून उडवून खायचो. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतले गाडीवान येऊन छपराबाहेर बैल सोडायचे. मंग चहा, तंबाखू, गाडीची चाकं आणि जगातली सगळी चर्चा. त्यांचं ते "मंग" माझ्या लिहिण्यातही असं मधूनच घुसतं, मी आता काढून टाकायचं सोडून दिलंय.

छपरात आप्पा काम करत, पण हुकूम चाले बाबांचा. बाबा म्हणजे आप्पांचे वडील. हाताला कंप सुटल्यामुळे त्यांनी लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला होता, पण खाटेवर बसून डोळ्यांनी ते सगळं काम करायचे. त्यांचा एक नियम होता: हत्याराला बाईने हात लावायचा नाही. झाडताना मायसुद्धा पटाशी पायाने नाही, हाताने नाही, फडक्याने बाजूला सरकवायची. यामागे राग नव्हता, त्यांच्या बापाने सांगितलं होतं एवढंच. मला मात्र लाकडाचं वेडच होतं. कुणी मुलगी चिंचा खिशात घालून हिंडते, मी शिसमाचे तुकडे घेऊन हिंडायचे आणि वर्गात बाकाखाली ते अंगठ्याने चोळत बसायचे. बाबा दुपारी दोन तास झोपत. त्या दोन तासांत आप्पांनी मला शिकवलं. कधी ठरवून नव्हे. एकदा मला त्यांनी कानस चालवताना पकडलं, पाठीमागे उभे राहिले, आणि म्हणाले, "दाबू नको एवढं. लाकूड काही पळून न्हाई जाऊन राह्यलं." तेव्हापासून दुपार माझी. बाबांच्या खोकल्याचा पहिला आवाज आला की मी हत्यार ठेवून झाडू उचलायची.

त्या दुपारांतूनच ते चाडं झालं. पेरणीच्या तिफणीवर मधोमध लाकडाची एक खोलगट वाटी असते, तिला चाडं म्हणतात. त्याच्या बुडाशी तीन भोकं, भोकांना नळ्या, नळ्या खाली फणांत जातात. तिफणीमागून बाई चालत जाते आणि मुठीतून चाड्यात बी सोडत राहते, दिवसभर, न थांबता, सारख्या मापाने. पुरुष बैल हाकतो, पण पीक उगवतं ते त्या मुठीच्या हिशोबाने. आमच्या गल्लीतली कौसाबाई ही अशी नामांकित पेरणारी. तिचं मनगट मी एकदा नळावर पाहिलं. चाड्याच्या धारदार काठावर घासून घासून कातडं सोलून निघालं होतं आणि त्यावर तिने हळद दाबली होती. मी घरी आले आणि आप्पांच्या नव्या चाड्याचा काठ दुपारच्या चार-पाच बैठकांत गोल करून टाकला. बाईचा हात ज्या बाजूने येतो तिथे मनगट टेकेल अशी थोडी बसकी जागा केली आणि ती काचकागदाने एवढी घासली की मुंगी घसरावी. ती तिफण कौसाबाईच्या घरी गेली. मग दुसऱ्याने तसंच चाडं मागितलं, मग तिसऱ्याने. बाबा खाटेवरून गाडीवानांना सांगायचे, "माह्या लेकाचा हात हाय तो! बोट फिरवून पाहा जरा." आप्पा मान खाली घालून रंधा मारत राहायचे आणि मी झाडू.

अशा वेळी रेडिओ केंद्राचा एक माणूस खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून आमच्या छपरात आला. शेतकऱ्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी पेरणीच्या अवजारांवर त्याला कुणीतरी बोलायला हवं होतं आणि त्याला कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं होतं. बाबा त्या दिवशी घनसावंगीला एका लग्नाला गेल्ते. आप्पा अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून बोलायला बसले आणि पहिली पाच मिनिटं नुसतं "हो जी, हो जी" म्हणाले. मग त्या माणसाने चाडं हातात घेतलं, काठावर सहज बोट फिरवलं, आणि त्याचं बोट तिथेच राहिलं. "ही कड एवढी मऊ कशी केली हो?" त्याने विचारलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. आप्पा म्हणाले, "ते माह्या पोरीनं केलं." तांब्या मी तिथेच ठेवला. मी आत पळाले आणि मायच्या मागे जाऊन उभी राहिले, त्यामुळे पुढे ते काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी कार्यक्रम लागणार होता. तो माणूस गेल्यावर आप्पा आणि मी एकमेकांकडे पाहत बसलो. बाबांनी हे ऐकलं तर माझी दुपार गेली, हे सांगायची गरज नव्हती. आप्पांनाही म्हाताऱ्या बापाला फसवल्याची लाज होती. "टेप कापत असतील ते रेडिओवाले," आप्पा म्हणाले. "एवढं समदं थोडंच लावत्यात." मी होकारार्थी मान हलवली. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता.

आता प्रश्न रेडिओचा. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे रेडिओ नव्हता असं नाही, पण आप्पांचा आवाज दुसऱ्याच्या दारात बसून ऐकायचा म्हणजे मायच्या जिवावर आलं. त्या सुजलेल्या लाल डब्यातून ऐकायचा तर आप्पांच्या. "लाकडाची पेटी करतो त्याला," ते म्हणाले, आणि एका जुन्या दाराची सागवानी फळी काढली. त्या आठ दिवसांइतका आनंद मला पुढे नोकरीत कुठल्या मोठ्या कामानेही दिला नाही. फळीवरून रंधा फिरला आणि काळपट कातडीखालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. एकही खिळा नाही, सगळे जोड खाचेत खाच बसवून केलेले. पुढच्या फळीला आवाजासाठी भोकं पाडायची होती, ती आप्पांनी सरळ रांगेत न पाडता ज्वारीच्या कणसाच्या आकारात पाडली. दुपारी मी शिसमाची दोन बटणं केली. माय डाव्या हाताने बटण फिरवते आणि उजवा पिठात असतो, हे मला माहीत होतं. म्हणून एका बटणाला मी एक खाच ठेवली आणि दुसऱ्याला दोन, म्हणजे न पाहता कळावं की आवाज कुठला आणि स्टेशन कुठलं. वरून जवसाचं तेल चोळलं. मामा अंबडहून येऊन यंत्र आत बसवून गेला, जुना फाटका स्पीकर काढून एक मोठा स्पीकर त्याने समोरच्या फळीला जडवला, आणि रेडिओ लावून बघितला. तोच रेडिओ, तीच गाणारी बाई, पण प्लास्टिकमधून ती नाकात गायची आणि सागवानातून छातीतून. मायने पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "अगं, ही थरथरून राह्यली! जित्ती हाय."

पुढे पुण्यात मी मोजमापाची यंत्रं करणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली. यंत्राचा माणसाच्या हाताशी जिथे संबंध येतो तेवढंच माझं काम: मुठी, कळा, बटणं, कडा. पहिला नमुना मी नेहमी लाकडाचा करायची आणि नवीन पोरं हसायची. मी त्यांना म्हणायची, आधी हातात घ्या, मग हसा. हल्ली सगळं काचेचं झालंय. माझा फोनसुद्धा. बोट फिरवलं की कामं होतात, तक्रार नाही, पण आपलं बोट कुठे आहे ते पाहिल्याशिवाय कळत नाही. पिठाचे हात असतील तर तो अगदीच निकामी. मायसारख्या बाईला विचारून कुणी तो केलेला नाही, हे मी पैजेवर सांगते.

गुरुवार उजाडला आणि बाबांनी पेटी मांडीवर घेतली. उलटीसुलटी केली, जोडांवर नख फिरवलं. आम्ही वाट पाहत उभे. "चांगली हाय," बाबा म्हणाले, "पर धाव कुठाय?" धाव म्हणजे गाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि लाकडाचे सगळे सांधे जन्माचे घट्ट होतात. "आपल्या छपरातून धाव न चढवता काही भाईर गेलं न्हाई," बाबांनी निकाल दिला. आप्पा म्हणाले, "बाबा, ही काय बैलगाडी हाय का?" पण म्हणण्यापुरतंच म्हणाले. कित्येक वर्षांनी बाबा खाटेवरून उतरून कामाला लागले होते आणि त्यांना अडवायची कुणाचीच इच्छा नव्हती. यंत्र बाहेर काढून ठेवलं. पेटीचे कोपरे आप्पांनी गोल केले, लोहाराकडून पातळ पट्टी सांधून आणली. बाबांनी धोतर खोचलं, जाळाजवळ बसून पट्टीचा रंग पाहिला आणि "आता!" म्हणाले. सांडशीने पट्टी पेटीच्या पोटावर बसली, धूर झाला, सागवान जळाल्याचा गोड वास सुटला, आणि बाबांनी आपल्या कापऱ्या हाताने तांब्या ओतला. चर्रर्र आवाज झाला. बाबा एवढे खूश झाले की मायने धाव चढवायच्या दिवशी करायची तशी गुळाची लापशी केली. लापशीचा पहिला घास पेटीला दाखवून मगच सगळ्यांनी खाल्ली.

संध्याकाळी छपरापुढे गल्ली जमली. कौसाबाई पोलकं बदलून आली होती. मधोमध पाटावर पेटी, काळ्या पट्टीत आवळलेली, तेलाने चमकणारी. शेजारी खाटेवर बाबा, नवरदेवाच्या बापाच्या थाटात. आप्पांनी यंत्र आत सरकवून मागची फळी लावली आणि माझं एक खाचेचं बटण फिरवलं. नुसती खरखर. दोन खाचांचं फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरखर. आप्पांनी फळी काढून यंत्र बाहेर ओढलं, तर ते बोलायला लागलं! लोक हसले. आत सरकवलं, मुकं. पुन्हा ओढलं तर ताणून एक तार तुटली. ती आप्पांनी दाताने सोलून पिळून जोडली आणि यंत्र घाईघाईने आत ठेवलं. आणखी एकदा ओढायची त्यांची हिंमत झाली नाही. कार्यक्रमाला दहा मिनिटं होती. "भानुदासनं काहीतरी गडबड केली," बाबा म्हणाले. माय भावाची बाजू घ्यायला तोंड उघडत होती.

मला कारण कळलं होतं. माय पूर्वी कधी कधी रेडिओ आमच्यापासून लपवायला पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवायची. एकदा तो बंद करायची विसरली, तेव्हा आम्ही पाहिलं होतं की झाकण लावलं की गाणं गप्प आणि उघडलं की सुरू. आम्ही भावंडांनी मार बसेपर्यंत तो खेळ खेळला होता. लोखंडाने वेढलं की रेडिओला ऐकू येत नाही, एवढं माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं होतं. काल धाव नव्हती आणि रेडिओ गात होता. आज धाव होती.

आणि मी काहीच बोलले नाही. का बोलावं? रेडिओ मुका राहिला तर बाबांना काही कळणार नव्हतं. माझी दुपार माझी राहणार होती. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनाही सुटका वाटायला हवी होती, पण ते पेटीच्या भोकांना कान लावून बसले होते आणि तोंड लहान मुलासारखं झालं होतं. त्या माणसाने जन्मात कधी आपला आवाज ऐकला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"आप्पा," मी म्हणाले, "धावेमुळं व्हतंय. धाव कापा लागंल."

मायने माझा दंड धरला. "काय बोलून राह्यलीस तू!" बाबांनी सकाळी चढवलेली धाव, आणि ती पोरीने कापा म्हणायची. मी घाबरत घाबरत पत्र्याच्या पेटीचं सांगितलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. ते काय विचार करत होते ते फक्त मला माहीत होतं. मग ते उठले, छपरातून छिन्नी आणि हातोडा आणला, आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरला. "तुला कळलं, तूच काप. जल्दी."

मी कसे घाव घातले ते पेटीवर आजही दिसतं. दोन घाव चुकले. तिसऱ्याला पट्टी टण्णकन तुटून उडाली आणि छिन्नी सागवानात घुसून तिथे एक तिरपा घाव झाला. आणि पेटीतून कुणीतरी खणखणीत आवाजात कापसाचे भाव सांगायला लागलं. कौसाबाईने टाळीच वाजवली. बाबा मात्र तुटलेल्या पट्टीकडे पाहत होते.

मग आप्पा बोलायला लागले. पेटीतले आप्पा. "हो जी, हो जी" सगळं कापलं होतं, नेमकं तेच कापलं होतं. तिफणीचं लाकूड कोणतं, फण किती अंतरावर, सगळं ते शांतपणे सांगत होते आणि पाटापुढचे आप्पा ओठ हलवत होते. मग तो प्रश्न आला. कड एवढी मऊ कशी केली हो? मी डोळे मिटले.

"ते माह्या पोरीनं केलं. सुमननं," पेटी म्हणाली. "आमी तीन पिढ्या चाडी करून राह्यलो साहेब. पर पेरणाऱ्या बाईचा हात आमी कुनी पाह्यला न्हाई. म्या न्हाई, माह्या बापानं न्हाई. तिनं पाह्यला."

पुढे बियाण्याची जाहिरात की गाणं लागलं, मला आठवत नाही. कौसाबाई उठली, खाटेपाशी गेली आणि आपला उजवा हात तिने बाबांच्या डोळ्यांपुढे धरला. "बाबा, पाहा बरं. दोन पेरण्या झाल्या. कातडं सोललं का?" बाबांनी तिचं मनगट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आप्पांना खुणेने पेटी मागितली, मांडीवर घेतली, आणि धाव जिथे होती तिथल्या माझ्या छिन्नीच्या घावावरून सावकाश बोट फिरवलं.

"तिरपी कापलीस," ते म्हणाले. "छिन्नी अशी धरत्यात व्हय? सक्काळी छपरात ये, दावतो."

आप्पांनी टोपी काढून तोंड पुसलं. माय उरलेली लापशी गरम करायला आत गेली आणि आतून तिच्या हसण्याचा का रडण्याचा आवाज आला, दोन्ही तिला सारखंच यायचं.

तोवर शिकायला मी छपरात फक्त दुपारीच गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळी गल्ली नळावर असताना, मी परकर खोचून समोरून छपरात शिरले. बाबा खाट सोडून खाली बसले होते, आणि कालची तुटलेली धाव दगडावर मांडून तिच्याशेजारी त्यांनी छिन्नी ठेवली होती.